गळालेलं अक्षर

नाही नाही ताई, चहा नको, खरंच नको — बरं, टाकलाच आहे तर अर्धा कप द्या. मी इथेच बसतो, ह्या स्टुलावर, चालेल मला. आणि तुम्ही आधी निवांत व्हा, तक्रारबिक्रार काही नाहीये माझी, दवाखान्यानं पाठवलेलं नाही मला. दवाखान्यात तर म्हणाले, त्या सिस्टर सोडून गेल्या, पत्ता देता येणार नाही. मग खाली त्या आयाबाई भेटल्या, पान खाणाऱ्या, त्या म्हणाल्या अनुसया ना, ती गोडादऱ्यात राहते, कापडाच्या लूमच्या गल्लीत, जाऊन विचारा, कोणीही दाखवेल. आणि दाखवलं की. पहिल्याच मेडिकलवाल्यानं दाखवलं. — नाही ओळखलं ना तुम्ही मला? कसं ओळखाल, तुम्ही मला पाहिलंय ते मोबाईलच्या पडद्यावर, आणि तो पडदा तुम्ही पप्पांच्या तोंडापुढे धरलेला, म्हणजे तुम्हाला तर मी पाठमोराच. मी पराग. देवरेंचा मुलगा. उखा तोताराम देवरे — खिडकीजवळची खाट, फुप्फुसांचं होतं त्यांचं. — हां. आठवलं ना? वाटलंच मला, आठवतील. पप्पा तुमच्याशी बोलायचे ना खूप. आई सांगत होती, त्या खानदेशच्या सिस्टर आल्या की ह्यांना हुशारी येते.

हा आवाज दिवसभर असतो का हो, लूमचा? मी ओरडून बोलतोय का? मला कळत नाहीये. दार लोटू का थोडं? — राहू दे, राहू दे, गरम होईल. बोलतो मी असाच.

तर माझं काम एकच आहे. एक वाक्य आहे ताई. त्या दुपारी, शेवटी, मी व्हिडिओवर होतो आणि पप्पा काहीतरी म्हणाले, आणि ते मला नीट आलं नाही. आत तुमच्याशिवाय कोणीच नव्हतं. आईला आयसीयूत घेत नव्हते, ती खाली बाकावर बसलेली, फोन तिचाच, पण तो तुम्ही वर नेलेला. म्हणजे ते वाक्य ऐकलेलं माणूस जगात एकच उरलंय. तुम्ही. — थांबा, लगेच सांगू नका. मला आधी सगळं सांगू द्या, नाहीतर तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस पत्ता शोधत आला. आता आईसाठी विचारायचंय मला. माझं काय, मी जाईन परत, हॉलंडला असतो मी. आईला इथेच राहायचंय.

आमच्या घरात कसं आहे, आई सांगलीकडची. पप्पा शिरपूरजवळच्या खेड्यातले. बँकेत लागले तेव्हा सुरतेला आले आणि सुरतेचेच झाले. पण अहिराणी त्यांनी घरात कधी आणली नाही. मला शिकवली नाही. म्हणायचे, शाळेत हसतील तुला. स्वतःचं नाव उखा, तेसुद्धा बँकेच्या पाटीवर यू. टी. देवरे. एकच शब्द घरात राहिला होता — मला 'पोऱ्या' म्हणायचे. बाहेर पराग, घरात पोऱ्या. बाकी सगळं अगदी शुद्ध, पुस्तकातल्यासारखं मराठी, नाहीतर गुजराती. आणि दवाखान्यात ताप चढला तसं ते सगळं गळून पडलं म्हणे. आईशी अहिराणीत, डॉक्टरांशी अहिराणीत. आई घाबरून मला फोनवर म्हणायची, अरे हे काय बोलतात मला कळत नाही, चाळीस वर्षं संसार केला आणि मला ह्यांचं बोलणं कळत नाही. मग तुमची पाळी असली की ती तुम्हाला विचारायची ना? हो, तिनंच सांगितलं.

मी काय करतो तिथे — हसाल तुम्ही — मी हेच करतो. तुटलेलं बोलणं जोडायचं. म्हणजे बघा, हे फोन, व्हिडिओ, सगळं शेवटी केसाएवढ्या काचेच्या तारेतून जातं, उजेड होऊन जातं. भयंकर वेगानं. आणि उजेडाची एक भानगड आहे ताई, त्याला थांबवता येत नाही. चौकात दोन बाजूंनी एकदम आले तर एकाला क्षणभर थांबवायला पाहिजे ना? उजेडाला थांबायला जागाच नाही. मग आम्ही तारेची भेंडोळी ठेवतो, त्यातून त्याला फिरवून आणायचं, फिरेपर्यंत जो काय वेळ मिळेल तो. हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा म्हणाले, अरे म्हणजे आपल्या स्टेशनबाहेरच्या रिक्षा — पोलीस उभं राहू देत नाही, मग गोल चक्कर मारून परत यायचं. बराबर तसंच. पण ती भेंडोळी असतात थोडी. भरली की पुढचं येणारं आम्ही टाकून देतो. सरळ. पप्पा म्हणाले, आणि टाकलेलं कुठे जातं? मी म्हटलं, कुठेच नाही, संपतं. ते म्हणाले, मग परत मागवायचं. मी म्हटलं, पप्पा, मागवून येईपर्यंत बोलणारा पुढे गेलेला असतो, म्हणून आम्ही आधीच थोडं जास्तीचं पाठवतो, म्हणजे मधलं काही पडलं तर उरलेल्यावरून ते परत मांडता येतं. ह्यावर काय खूश झाले होते! म्हणाले, हे तर आमच्या चेकवर आहे, रक्कम अंकी आणि अक्षरी — अंक पुसला तर अक्षर बोलतं. मग सोसायटीत, मंडळात, जो भेटेल त्याला सांगायचे, आमचा पोऱ्या परदेशात अंकी-अक्षरीचं काम करतो. मी तुम्हाला जे सांगतोय ना, ह्यातलं अर्धं त्यांनी केलेलं सोपं आहे, माझं नाही.

आजारी पडले तेव्हा आमच्याकडे त्याचीच एक मोठी चाचणी चालली होती. मी म्हटलं, येतो. ते म्हणाले, काम संपव, मग ये, मला काय धाड भरली आहे. आणि तेव्हा खरंच बरे वाटत होते हो, डॉक्टरसुद्धा म्हणत होते, ऑक्सिजनचं मशीन घरी लावून देतो, न्यायचं तर घरी न्या. आईला विचारलं त्यांनी. आई म्हणाली, नको, इथेच ठेवा, इथे माणसं आहेत, मशिनं आहेत, मी एकटी घरी काय करू. बरोबरच म्हणाली. मीही असतो तर तेच म्हटलं असतं. मग एकदम बिघडलं आणि वर आयसीयूत हलवलं. मी तिकीट काढलं. निघायचंच होतं, बॅग दारात. तेवढ्यात आईचा फोन, की त्या सिस्टर म्हणतायत, पेशंट मुलाचं नाव घेतात, मी फोन वर नेते, त्यांना मुलाचं तोंड दाखवते. ते तुमच्या नियमात नसणार. तरी तुम्ही नेलात. हे मला पहिल्यांदा म्हणायला पाहिजे होतं ताई, आल्या आल्या. राहूनच गेलं.

मी तो कॉल रेकॉर्ड केलाय. का केला माहीत नाही. सवय म्हणा. — तुम्हाला चालेल ना? — तिथला तुमचा तो डबा, वायफायचा, कुठेतरी भिंतीआड, आणि सगळ्या मजल्यावरच्या नातेवाइकांचे फोन त्याच्यावर. चित्र सारखं अडकत होतं. पप्पांचा मास्क तुम्ही बाजूला केलात, ते माझ्याकडे बघत होते, मी बोलत होतो, पप्पा येतोय, निघालोच आहे, आणि ते अडकले, परत हलले, मग त्यांनी मान तुमच्याकडे वळवली, ओठ हलले, खरखर झाली, आणि मग मला आलं, 'पोऱ्या' — हे अगदी साफ आलं — आणि मग 'घ', मग नाहीच काही, मग 'री जाई'. आणि गेलं. पडदा काळा. मी परत लावला. परत परत लावला. तिकडे वाजत होता, कोणी उचललं नाही. नंतर उचलला तो आईनं, खालून, आणि तिला बोलताच येत नव्हतं.

मी पोचलो, सगळं झालं, दहावं-तेरावं झालं, मग एका दुपारी आई म्हणाली, मला ऐकव ते. मी ऐकवलं. तिनं एकदाच ऐकलं आणि म्हणाली, घरी जाई. अरे, 'पोऱ्या, घरी जाईन' म्हणतायत ते. घरी जायचं होतं त्यांना. डॉक्टर घरी न्या म्हणत होते, आणि मी नाही म्हटलं.

तेव्हापासून आई दाराला कडी लावत नाही. — नाही, वेड नाही लागलेलं तिला. स्वयंपाक करते, भाजी आणते, शेजारच्या विजयामावशींशी बोलते. नुसती कडी लावत नाही. रात्री मी लावतो, ती उठून काढते. म्हणते, ते घरी येतो म्हणालेत. मी म्हटलं, आई, गेलेलं माणूस कडीला अडतं का? तर शांतपणे म्हणाली, माहीत नाही रे, पण एकदा मी त्यांना अडवलंय, आता परत माझ्या हातानं नको. मी परत जाणार, ही तिथे चौथ्या मजल्यावर एकटी, दार उघडं. आणि कडीचं सोडा, ती जेवते तेव्हा बघितलंय मी, घास हातात घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, त्यांनी तुझ्याजवळ तक्रार केली माझी. जाताना.

मी खूप ऐकलं ते ताई. आवाज साफ केला, मशीनवर घातला, हळू करून ऐकला. मधली जागा मोकळी आहे. तिथे काही पोचलंच नाही, तर साफ काय करणार. मग दोन्ही बाजूंचं बघून मध्ये काय बसतं ते बघायचं — आमची रीतच ती — आणि 'घ' आणि 'री'च्या मध्ये दुसरं काय बसणार? घरी. मीही म्हटलं, घरीच असणार. पण माझ्या मनात एक खुटखुटत राहिलं, ते मी आईला बोललो नाही. आमच्या ह्या जोडण्याला एक मर्यादा असते. थोडं पडलं असेल तर ते बरोबर भरून निघतं. जास्त पडलं, मर्यादेपेक्षा जास्त, तर कधीकधी काय होतं — ते यंत्र 'मला कळत नाही' असं म्हणत नाही. ते दुसराच शब्द लावतं, नीट बसणारा, अर्थ असलेला, आणि छातीठोकपणे पुढे पाठवून देतं. बघणाऱ्याला शंकाही येत नाही. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. मग माझ्या आईनं आणि मी मिळून तसंच तर केलं नाही ना, ह्या विचारानं मला झोप येईना. म्हणून आलो.

ऐकता? फोन कानाशी धरा. इथून… थांबा, हे मागचं माझं बोलणं आहे, येतोय, निघालोय… आता. आता ऐका.

— परत लावू?

— ताई? काय झालं? नाही, तुम्ही रडू नका, मी त्यासाठी नाही आलो. पाणी आणू का? — असं का बघताय माझ्याकडे. सांगा. जे असेल ते सांगा. घरी नाही ना ते?

काय? — परत म्हणा. हळू म्हणा, त्या लूमच्या आवाजात मला — 'फोन बंद कर बाई. पोऱ्या घाबरी जाई.'

घाबरी. घाबरी जाई. म्हणजे — घाबरून जाईल. पोरगा घाबरून जाईल. — हो, कळलं मला. एवढी अहिराणी कळते. — तुम्हाला म्हणाले. मला नाही. मी धरून चाललो होतो की 'पोऱ्या' म्हणजे मला हाक आहे. ती हाक नव्हतीच. ते माझ्याबद्दल बोलत होते, तुमच्याशी. घरी जायचं असतं तर ते काय म्हणाले असते ताई? त्यांच्या बोलीत? — 'माले घर जानं शे.' हं. असं कधी म्हणाले का? इतक्या दिवसांत, एकदा तरी? तुम्ही आईला बरं वाटावं म्हणून सांगू नका. — नाही म्हणाले. शपथ नका घेऊ, मला पटलं. आईबद्दल काय म्हणायचे? — मंडई बंद व्हायच्या आत तिला घरी पाठवा, तिला ताजी भाजी लागते. हे म्हणायचे? — म्हणतील. ते म्हणतीलच.

म्हणजे मग फोन तुम्ही बंद केलात.

नाही, नाही, मी रागावलो नाहीये. मी नुसतं समजून घेतोय. नेटवर्क गेलं नव्हतं. मी परत लावला तेव्हा तिकडे वाजत होता — वाजत होता म्हणजे सगळं चालूच होतं की. तार चालू होती, डबा चालू होता. आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मी कुठे कुठे शोधत होतो. कोणत्या चौकात पडलं असेल, कुठे जागा भरली असेल, सगळा रस्ता तपासला मनात, सुरतेपासून माझ्या घरापर्यंत. आणि ते बंद केलं होतं. पप्पांनी सांगून बंद केलं होतं.

त्यांना श्वास लागला होता का? तेव्हाच? मी बघत होतो तेव्हा? — छाती वर येत होती म्हणजे… हो. मला वाटलं चित्र अडकतंय. धक्के देत चाललंय चित्र, असं वाटलं मला. तो श्वास होता.

आणि मग? बंद केल्यावर? — तुम्ही हात धरलात. बोलले काही? — नाही. किती वेळ होते? — म्हणजे बराच वेळ होता हो. थोडा नाही म्हणता येणार ह्याला. तेवढा वेळ मी तिकडे फोन लावत बसलो होतो. वाजताना ऐकू येत होता का त्यांना? — खिशात होता तुमच्या, बरं. तुमच्या अंगावर थरथरत असेल. तुम्ही एका हातानं त्यांचा हात धरलेला आणि खिशात माझा फोन. मी तुम्हाला काही म्हणत नाही ताई. त्यांनी सांगितलं, तुम्ही केलं. पेशंटचं ऐकायचंच. दुसरं कोणी असतं तर ऐकलं नसतं, कारण कळलंच नसतं ते काय म्हणतात.

पण मला बघायचं होतं ना. घाबरलो असतो तर घाबरलो असतो. मी काय लहान आहे? केस पांढरे झालेत माझे, हे बघा. लहानपणी विहिरीपाशी न्यायचे नाहीत, म्हणायचे पोऱ्या घाबरेल. आजी गेली तेव्हा मला गावाला नेलं नाही, पोऱ्या घाबरेल. मग माणसानं शिकायचं कधी हो? मी तिथे बसलो असतो. नुसता बसलो असतो पडद्यात. चित्र अडकलं असतं, आवाज गेला असता, चाललं असतं मला, तुकडे तुकडे आले असते तरी चाललं असतं. तेवढे तरी आले असते. — नाही, ठीक आहे मी. ठीक आहे. एक मिनिट द्या.

— चहा चांगला झालाय. गवती चहा घातलाय ना? हं.

तुम्ही का नाही सांगितलंत, असं विचारणार होतो, नाही विचारत. कोणाला सांगणार होता तुम्ही. आई खाली रडत होती, तुमची पाळी संपली, मग ती नोकरी सुटली. आणि सांगायचं तरी काय, की तुमच्या नवऱ्यानं मुलाचा फोन बंद करायला लावला. ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. मलाही अजून कळत नाहीये, हे बरं झालं ऐकलं की वाईट. आईसाठी बरं झालं. आईची कडी लागेल आता. लागेल ना? तिच्याबद्दल तक्रार नव्हती. घरी न्या असं म्हणालेच नव्हते. तिनं काही अडवलं नाही कोणाला.

एक करा ताई माझं. मी तिला लावून देतो, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, हा शब्द मी जुळवून आणलाय, तिला बरं वाटावं म्हणून. ती मला म्हणेल, तू हेच तर करतोस. तुमचं ऐकेल. जसं ते म्हणाले तसंच म्हणा, तुमच्या बोलीत, मग मराठीत सांगा. दोनदा सांगा. आणि ते भाजीचंही सांगा. — माझं? माझं नका सांगू, की मी इथे रडलोबिडलो. ते राहू द्या.

थांबा, लागतोय. वाजतोय. — हां, आई. मी गोडादऱ्यात आहे. — नाही, जेवलो नाही अजून. — अगं ऐक आधी. माझ्याजवळ एक ताई बसल्यात, पप्पांजवळ शेवटी ह्याच होत्या. — हो, त्याच, खानदेशच्या. — नाही. मी नाही सांगणार. त्यांच्याशी बोल.

घ्या ताई. बोला. मी बाहेर थांबतो.